बेळगावची रहस्यकादंबरी लिहितोय, 'मी आलो' या दोन शब्दांवर अडलोय

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं एका कादंबरीशी झटतोय. पहिला खर्डा झाला आहे, त्यातलं एक प्रकरण मागं इथं टाकलं होतं. घरी वाचून दाखवायचं धाडस होत नाही, म्हणून इथं आलो. या कट्ट्यावर सीमाभागातले बरेच जण आहेत, बाहेरचे वाचकही आहेत, आणि मला दोन्हीकडचे कान हवेत.

गोष्ट थोडक्यात सांगतो. रहस्य फुटणार, पण त्याला इलाज नाही.

बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रोडच्या बाजूचं एक गाव. नाव मनातलं. साल १९८६, कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलेलं. गावातला वीस वर्षांचा एक पोरगा पोलिसांना हवा आहे, तो रानातल्या खोपीत लपलाय. खोप कुठं आहे हे तिघांनाच ठाऊक. एक त्याची सोळा वर्षांची बहीण, रोज भाकरी पोचवणारी. दुसरा गावातला तरुण कार्यकर्ता. तिसरा त्या कार्यकर्त्याचा धाकटा भाऊ, ज्याच्यावर या बहिणीचा जीव जडलाय. एका पहाटे पोलीस नेमके खोपीवर जातात. पोरगा त्यांच्या हाती लागत नाही, पण पुन्हा कुणाच्या नजरेसही पडत नाही. कुणी म्हणतं चोर्ला घाटानं गोव्यात उतरला. आई मरेपर्यंत दाराला आतून कडी लावत नाही.

बत्तीस वर्षांनंतर, २०१८. तो कार्यकर्ता आता पुढारी झालाय, विधानसभेला उभा राहणार आहे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करून घरी येतो तर टपालात एक कार्ड. वर दोनच वाक्यं: "खोप आठवते काय? मी आलो." मग दर पंधरवड्याला एक कार्ड. शिक्का पलीकडचा, ४१६ नं सुरू होणाऱ्या पिनचा, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीतला. पुढाऱ्याला वाटतं पोरगा परतला. गावाला तेच वाटतं. वाचकालाही.

लिहिणारी आहे बहीण. अठ्ठेचाळीस वर्षांची, त्याच गावात राहणारी, पुढाऱ्याच्या घरी कार्य असलं की पोळ्या लाटायला जाणारी. खोप कुणी दाखवली हे तिला फार उशिरा कळलंय. १२ मेच्या मतदानापर्यंत त्याला झोपू द्यायचं नाही आणि त्याच्याच तोंडून ते वदवून घ्यायचं, एवढाच तिचा सूड.

आमच्या भागात बायका "मी आलो, मी जातो, मी जेवलो" असंच म्हणतात. आजी म्हणायची, आई म्हणते. तेव्हा बहिणीनं "मी आलो" लिहिलं यात खोटं काहीच नाही. पण पुण्याचा मित्र वाचून म्हणाला, शेवटी फसवल्यासारखं वाटतं. तुम्हीच सांगा, ही फसवणूक आहे काय?

बाणेरवाचक

कल्पना वाचून अंगावर काटा आला. तरीही तुमच्या मित्राच्या बाजूनं बोलते. मी पुण्यात वाढले, माझ्या कानाला "मी आलो" म्हणजे पुरुष. रहस्यकथेत लेखकानं मला चकवलं तर आनंदच होतो, पण खूण माझ्या डोळ्यांसमोर असायला हवी. शेवटच्या पानावर "आमच्याकडं बायका असंच बोलतात" म्हणून सांगणं म्हणजे पत्ते वाटून झाल्यावर नियम सांगणं. कार्ड येण्याआधी कादंबरीतली एखादी तरी बाई असं बोलते का?

मार्कंडेयकाठ

ताई, आत्ता खर्डा चाळून बघितला. एकही नाही. संवाद लिहिताना सगळं पुस्तकी करत गेलो. आजीच्या तोंडी "मी येते" घातलंय. माझी आजी जन्मात कधी "येते" म्हणाली नाही.

शहापूरची आक्का

असं कसं केलास रे? आपल्याच माणसांची जीभ आपणच छाटायची?

माझं सांगतो. होय, सांगतो. बारावीनंतर पुण्यात होस्टेलला होतो. पहिल्याच दिवशी मेसमध्ये म्हटलं, "मी जेवलो." आख्खं टेबल हसलं. एकीनं विचारलं, "तू मुलगा आहेस का?" त्या रात्री उशीत तोंड खुपसून "जेवले, गेले, आले" असं घोकत बसलो होतो. चार वर्षं तिथं "जेवले" म्हटलं. सुट्टीला गाडीनं येताना सुळेभावी स्टेशन मागं पडलं की वरच्या बर्थवरची बॅग काढायची, आणि स्टेशनवर बाबा दिसले की पहिला शब्द "आलो की ओ!" तिथून पुढं दोन महिने जीभ मोकळी.

त्या बहिणीचं मला कळतं. ज्या भाषेसाठी भाऊ गेला त्या भाषेतसुद्धा तिचं बोलणं चुकीचं ठरतं. तुझ्या गोष्टीत हे नसलं तर बाकी पोलीस आणि निवडणूक असून उपयोग काय?

खानापूर मास्तर

आक्कांचं वाचून अपराधी वाटलं. सत्तावीस वर्षं मराठी शाळेत शिकवतोय. मुली निबंधात लिहितात, "मी सकाळी उठलो, दात घासलो, शाळेला आलो." मी लाल पेनानं "उठले, घासले, आले" करतो. 'दात घासलो' ही तर दुहेरी दुरुस्ती, पण मुलं-मुली सगळीच तसं लिहितात, कारण घरात तसंच बोलतात.

यातून एक अडचण निघते, लेखकांनी लक्ष द्यावं. बहीण दहावी झालेली असेल तर ती बोलेल "आलो", लिहील मात्र "आले". हाताला शाळेचं वळण लागलेलं असतं. म्हणून तिची शाळा चौथी-पाचवीत सुटलेली असू द्या. १९८६ ला जी सोळा वर्षांची, तिची शाळा धाकट्याला सांभाळायला किंवा रोजगाराला जाण्यासाठी सुटणं आमच्या भागात नवलाचं नव्हतं.

आणि अक्षर! दोघं भावंडं एकाच मास्तरांच्या हाताखाली पाटीवर शिकली. मास्तरांचं वळण पोरांच्या हातात उतरतं. 'ल' ची पाकळी कशी वळते, 'श' ची गाठ कुठं पडते, यावरून जुने मास्तर सांगायचे, हे पोरगं अमक्याच्या वर्गातलं. पुढाऱ्याजवळ त्या पोरानं लिहिलेलं जुनं पत्रक असेल तर अक्षर जुळेल आणि त्याची खात्रीच पटेल. अक्षर भावाचं वाटतं ते या कारणानं. ही खूणही पहिल्या शंभर पानांत पेरता येईल.

मार्कंडेयकाठ

मास्तर, तुमच्या पोस्टचा प्रिंट काढून टेबलावर चिकटवलाय.

खडेबाजार

लेखनात काही तपशील घसरलेत, इथं टाकलेल्या मागच्या प्रकरणात दिसले. गावात 'ग्रामसेवक' घातलाय. कर्नाटकात ग्रामसेवक कुठला? ग्रामपंचायतीत पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतो. जमिनीचा 'सातबारा' लिहिलाय, आपण 'उतारा' म्हणतो आणि तो कन्नडमध्ये येतो. जिल्हाधिकारी कार्यालयात जातो असं कोण म्हणतं? 'डीसी ऑफिसला जाऊन येतो.' पोलिसांतली सीपीआय (सर्कल इन्स्पेक्टर) आणि पीएसआय (सब-इन्स्पेक्टर) ही पदं नीट लावून घ्या. आणि २०१८ च्या प्रकरणात अधिकृत कागदावर 'बेळगाव' येणार नाही, १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झालंय. माणसांच्या तोंडी 'बेळगाव'च ठेवा.

हे बारीक वाटेल, पण उताऱ्यावर तुमची बहीण अडते असं दाखवता येईल. भाऊ बेपत्ता, मृत्यूचा दाखला नाही, म्हणून त्याचं नाव उताऱ्यावर तसंच. बत्तीस वर्षं कागदावर तो जिवंत आहे. पुढारी तलाठ्याकडून गुपचूप उतारा काढून बघतो आणि त्यावर ते नाव दिसतं. मला तर हे वाचतानाच धडकी भरेल.

निपाणीकर

मला राजकारणाची बाजू पातळ वाटली. तुमचा पुढारी नुसती भाषणं करतो. १ नोव्हेंबरचा काळा दिन, मूक सायकल फेरी, सुप्रीम कोर्टातला २००४ चा सीमावादाचा दावा, महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, हे सगळं तो बोलतो आणि बरोबर बोलतो. पण तो खातो कशावर? १९८६ चा फाटका कार्यकर्ता २०१८ ला तीन गाड्या घेऊन फिरतो, तर मधला पैसा कुठनं आला?

मी निपाणीचा. आमच्याकडं राजकारण तंबाखूच्या वखारीतून आणि साखर कारखान्याच्या गव्हाणीतून येतं. १९८१ ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू हायवे अडवून धरला होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्याचं आठवतं. रस्त्यावरच चुली, रस्त्यावरच झोप. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. त्या रस्त्यावर मराठी बोलणारा शेतकरी होता तसा कन्नड बोलणाराही होता. भाव कुणालाच मिळत नव्हता.

आई वखारीत कामाला होती. तोंडाला पदर बांधून दिवसभर तंबाखू चाळायची. घरी आली की लुगडं बाहेरच झटकायची, तरी रात्री तिच्या कुशीत झोपलं की नाक चुरचुरायचं. बोटांच्या पेरांत पिवळा डाग बसलेला, लिंबू घासून जात नव्हता. गेली तेव्हाही तो होता.

पोरगा नाहीसा झाल्यावर तुमच्या पुढाऱ्याला काहीतरी मिळालं असलं पाहिजे. एखाद्या व्यापाऱ्याकडं वजन, मग सोसायटीचं चेअरमनपद, मग कारखान्यावर संचालक. उसाची बिलं थकवणं, निवडणुकीआधी सोसायटीचे मतदार सहलीला नेऊन ठेवणं, हे सगळ्यांनी बघितलंय. खोप दाखवण्याची किंमत त्यानं काय घेतली हे जोवर कळत नाही, तोवर बहिणीच्या सूडाला वजन येणार नाही. नुसत्या भीतीनं दाखवली असेल तर मला त्याची दयाच येईल.

मार्कंडेयकाठ

दादा, खरं तर मला त्याची थोडी दया यावी असंच वाटतं. पहिल्यांदा भीतीनं दाखवली आणि नंतर त्या भीतीवरच माडी चढवली, असं मनात होतं. पण मधला पैसा मी लिहिलाच नाही, हे कबूल. आईचा पिवळा डाग वाचून बराच वेळ स्क्रीनसमोर तसाच बसलो होतो.

हिंडलगा रोड

मला एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी माणसं जमतात. ज्यांची माणसं १९८६ ला गेली, ती घरं आजही आहेत. कादंबरीतला पोरगा हुतात्मा नाही, बेपत्ता आहे, हे तुम्ही फार बरं केलंत. ते तसंच ठेवा. त्या यादीत कल्पनेतलं नाव घुसवू नका आणि खऱ्या हुतात्म्याच्या मरणामागं फितुरी होती अशी शंकासुद्धा वाचकाच्या मनात येऊ देऊ नका. नातवंडं वाचणार आहेत.

त्या दिवसांतलं खरं काय काय घडलंय ते रहस्याच्या तोडीचं आहेच. बंदी मोडून छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले होते, ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून सांगतात. हद्दीवर पहारे आणि रानातल्या वाटा माहीत असणारी माणसं. पोरगा कसा निसटला असेल हे त्या वाटांवरून लिहा.

मार्कंडेयकाठ

शब्द देतो. तसं कुठंही होणार नाही.

बाणेरवाचक

आणि प्रेम? तुम्ही सगळे राजकारणात शिरलात. तो धाकटा भाऊ बत्तीस वर्षं करतोय काय? धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये एका ओळीत आला आणि गेला. तिनं त्याच्याशी लग्न केलं नाही, एवढं कळतं. खोप त्यानं दाखवली असं ती इतकी वर्षं समजत होती का?

मार्कंडेयकाठ

होय. तीच तर तिची खरी जखम. तिघांतली एक ती स्वतः, दुसरा गावाचा लाडका कार्यकर्ता, मग उरला कोण? तिनं त्याच्याकडं बघणं सोडलं. त्यानंही कधी सांगितलं नाही की मी नव्हतो, कारण मग भावाकडं बोट जाणार. तो वायव्य कर्नाटक परिवहनमध्ये, म्हणजे इकडच्या सरकारी बसवर कंडक्टर लागला, लग्न केलं नाही. बेळगाव-चंदगड गाडीवर असतो, म्हणजे हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाणाऱ्या.

शहापूरची आक्का

थांब थांब. बेळगाव-चंदगड? मग कार्डं पलीकडच्या पेटीत टाकतो कोण?

मार्कंडेयकाठ

खर्ड्यात ती स्वतः बसनं शिनोळीला जाऊन टाकते. बाजाराचं निमित्त करून.

शहापूरची आक्का

नको की रे! कार्ड त्याच्या हातात जाऊ दे. बत्तीस वर्षं न बोललेली बाई एके दिवशी त्याच्या गाडीत चढते. तिकिटाचे पैसे देताना नोटेखाली कार्ड. काहीच बोलत नाही. पोस्टकार्ड म्हणजे उघडं, लपवायचं काय त्यात? तो वाचणारच. पत्ता सख्ख्या भावाचा. तो कार्ड चामड्याच्या पिशवीत ठेवतो, तिला तिकीट फाडून देतो, आणि हद्द ओलांडल्यावर पेटीत टाकतो. दर पंधरवड्याला. लग्न झालेली माणसं तरी एकमेकांसाठी एवढं करतात काय?

बाणेरवाचक

आक्का, डोळ्यांत पाणी आलं हो. मार्कंडेयकाठ, हे घ्याच.

गोकाकवाचक

मराठी माझी मातृभाषा नाही, चुका पोटात घाला. आम्ही घरी कन्नड बोलतो. वडिलांची बदली बेळगावला होती, म्हणून पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि मराठी वाचनाचं वेड लागलं.

दोन गोष्टी. पहिली, तुमचा सीपीआय कन्नड आहे आणि मागच्या प्रकरणात तो फक्त ओरडतो. माझे काका पोलीस खात्यात होते. शेजारी मराठी, त्यांच्या मुलीच्या लग्नात आमच्या घरातून करदंट गेलं, त्यांच्याकडून कुंदा आला. १ नोव्हेंबरला काका कर्नाटक राज्योत्सवाच्या बंदोबस्तात, शेजारी दंडाला काळी फीत लावून फेरीत. संध्याकाळी दोघं एकाच कट्ट्यावर बसायचे, त्या दिवशी मात्र जरा कमी बोलायचे. हा माणूसही तुमच्या कादंबरीत यायला हवा.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि ती तुमच्या कामाची आहे. पुढारी तक्रार करेल तेव्हा स्टेशनमधल्या फायलीत त्या कार्डाचं कन्नड भाषांतर जाईल. "मी आलो" ला कन्नडमध्ये "नानु बंदे". पुरुष म्हणतो "नानु बंदे", बाईही म्हणते "नानु बंदे". 'मी' बोलत असेल तर आमच्या क्रियापदात बाई-पुरुष असा फरकच नाही. म्हणजे मराठी वाचणारे सगळे पुरुष शोधत फिरतील, आणि कन्नड कागद वाचणाऱ्या सीपीआयला सुरुवातीपासून दोन्ही शक्यता उघड्या असतील. त्याला खास हुशार दाखवायची गरजही नाही. त्याच्या कागदावर ती भिंतच नाही.

खानापूर मास्तर

मी हे तीन वेळा वाचलं. इतकी वर्षं व्याकरण शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

मार्कंडेयकाठ

गोकाकवाचक, काल रात्री साडेतीनपर्यंत जागा होतो. तुम्ही माझी कादंबरी आतून उलटी केलीत. माझ्या खर्ड्यात सीपीआय शेवटी चुकून उलगडा करतो, कपाटात जुनं कार्ड सापडतं वगैरे. ते सगळं काढून टाकतोय. भाषांतरात जे हरवतं त्यामुळंच त्याला वाट दिसते, हे आता कादंबरीच्या मधोमध येणार.

खडेबाजार

राजकारणाचा शेवट काय ठेवलाय? पुढारी निवडून येतो की पडतो? सीमाभागातल्या वाचकाला २०१८ आठवतं. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते, २०१८ ला एकही नाही. आपल्यातच दोन गट, दोन उमेदवार. तुमचा पुढारी निवडून आला तर कुणाला पटणार नाही, आणि पडला तर सूडामुळं पडला की फुटीमुळं, हे कळायला हवं.

मार्कंडेयकाठ

तो अर्ज मागं घेतो. शेवटचं कार्ड येतं तेव्हा माघारीची मुदत संपायला दोन दिवस असतात. घरात बोहारणीला द्यायच्या जुन्या कपड्यांचा ढीग पडलेला आहे, ती तिथं निवडत बसलीय, आणि तो कार्ड हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहून विचारतो, "ह्यो कुठं असंल गं?" ती वर बघून एवढंच म्हणते... ते सांगत नाही. ते तुम्ही छापील वाचा.

नवा उतारा मात्र टाकतो. तिसरं प्रकरण, पुढाऱ्याला कार्ड मिळायच्या बरंच आधी, १९८६ चा पावसाळा, भाताची लावणी. बाणेरच्या ताईंनी सांगितलेली खूण इथं पेरलीय. बघा डोळ्यांवर येते काय.

"चिखलात पिंढऱ्या बुडाल्या होत्या. आजीनं डोक्यावरचं इरलं सावरलं आणि बांधावर भाकरीचं गठुळं घेऊन उभ्या पोरीला हाक दिली. 'तू थांब. पाऊस हाय, वाट निसरडी झालीया. आज मी जातो रानात.' पोरगी म्हणाली, 'नको आजी, मीच जातो. तुला त्यो ओहोळ पार करवंल काय?' आजीनं हातातली रोपं पाण्यात एकदा हिसळली, मुळाची माती गेली, पांढरी मुळं वर आली. 'बरं जा,' ती म्हणाली. 'पर आलीस की मला सांग.' दिवस कलल्यावर बांधावरनं आवाज आला, 'आजी, मी आलो.'"

बाणेरवाचक

वाचताना कानाला थोडं खटकलं, गावाकडची बोली म्हणून पुढं गेले. शेवटी कळल्यावर मी हेच पान उलटून बघणार, नक्की. आता तक्रार नाही.

शहापूरची आक्का

"मीच जातो." माझी आजी समोर उभी राहिली.

निपाणीकर

आजीनं मुळं हिसळली ते बघितलंय मी. पुढच्या प्रकरणात वखार येऊ दे.

गोकाकवाचक

काल आईला तुमच्या पहिल्या कार्डाचं कन्नड करून वाचून दाखवलं. आईला मराठी अजिबात येत नाही, कादंबरीचं तिला काही सांगितलंही नव्हतं. "नानु बंदे" म्हणालो आणि थांबलो. ती शेंगा सोलत होती. हात थांबवून विचारलं, "यार बंदार? गंडसो, हेंगसो?" कोण आलंय, गडी की बाई?

मार्कंडेयकाठ

हा प्रश्न जसाच्या तसा सीपीआयच्या घरात, त्याच्या आईच्या तोंडी घालू काय?

गोकाकवाचक

विचारलं तिला. हो म्हणाली. शेंगाही असू देत म्हणाली.